तुळशीच्या लग्नातली अरुंधती

१

वैशाखातली एकादशी. अकोल्यात सकाळी आठलाच भिंतीला हात लावता येईनासा झाला होता. जठारपेठेतल्या म्हैसन्यांच्या घरात तिघं जण कुलरसमोर बसून घामाने निथळत होते, आणि तो घाम काही उन्हाचा नव्हता. घरातला म्हातारा माणूस कालपासून नाहीसा झाला होता.

खुशालराव म्हैसने, वय एकाहत्तर, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षं अकोला-अमरावती-नागपूर गाडी हाकली, पण कुत्र्याचं पिल्लूसुद्धा चाकाखाली आलं नाही. काल पहाटे ते उठले, अंथरुणाची घडी घातली आणि गेले. फिरायला गेले असतील, असं समजून कोणी मनावर घेतलं नाही. नऊ वाजता सून गीतांजली चहा घेऊन गेली, तेव्हा तिला टेबलावर काळ्या काड्यांचा चष्मा दिसला आणि चष्म्याखाली वहीचा कागद.

‘अरुंधती दिसली नाही. द्वादशीले सहा महिने भरतात. घरात मरून तुमच्या डोक्याले ताप देत नाही. मले शोधू नका. खुशाल.’

द्वादशी म्हणजे उद्या.

खुशालरावांच्या लेकीने, रागिणीने तो कागद आतापर्यंत वीस वेळा तरी वाचला असेल. ती अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची; फोन येताच कालच माहेरी धावत आली होती. पोरांना क्ष शोधायला शिकवण्यात तिची बारा वर्षं गेली होती, आणि आता घरातलाच क्ष सापडेना. कालचा सगळा दिवस ती आणि तिचा थोरला भाऊ विपुल बसस्टँड, दवाखाने, मंदिरं पालथी घालत फिरले होते. पोलिसांनी फोटो ठेवून घेतला आणि ‘येतील हो’ म्हणून दिलासा दिला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मरायला निघालेला माणूस काही खात-पीत असेल याचा भरवसा नाही.

सहा महिन्यांची भानगड सुरू झाली ती गेल्या कार्तिकातल्या द्वादशीला, याच अंगणात, तुळशीच्या लग्नात.

अरुंधती ही वसिष्ठ ऋषींची बायको. सप्तर्षींतल्या वसिष्ठाच्या ताऱ्याला खेटून जी इवलीशी चांदणी असते, ती. नवऱ्याची सोबत कधी सोडत नाही, म्हणून लग्नात नव्या नवरीला ती दाखवतात. ही झाली गोड बाजू. पण जुन्या ज्योतिषांनी तिची एक कडू बाजूही सांगून ठेवली आहे. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते, त्याचे सहा महिने उरले म्हणे.

त्या संध्याकाळी मंगलाष्टकं झाली, बोरं-आवळे वाटून झाले आणि कोणीतरी म्हणालं, चला, आता अरुंधती पाहा. सगळ्यांनी चिंचेच्या शेंड्याकडे माना वर केल्या. ‘दिसली, दिसली!’ असा एकच गलका झाला. खुशालराव तेवढे बघतच राहिले. ‘मले नाई दिसत ब्वा,’ ते म्हणाले. लोक हसले.

हसण्याला आणखी एक कारण होतं. दिवाळीतच खुशालरावांनी घरात सांगितलं होतं की ते वच्छलाबाईंशी लग्न करणार. वच्छलाबाई म्हणजे अमरावतीला राहणाऱ्या निवृत्त नर्स. रागिणीच्या आईच्या, रुख्मिणीबाईंच्या शेवटच्या आजारात त्यांनीच शुश्रूषा केली होती. विपुलने त्यावर घर डोक्यावर घेतलं होतं, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं जठारपेठेतल्या प्रत्येक ओट्यावर बोललं गेलं होतं. रागिणी तोंडाने काही बोलली नाही. पण आईच्या जागी दुसरं कोणी, या विचाराने तिच्या छातीत कळ आली होती, हे खोटं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मात्र खुशालरावांनी बाशिंगाचं नाव काढलं नाही.

२

चष्म्याचं घर पलंगाखाली गेलं होतं. रागिणीने झाडूच्या दांड्याने ओढून काढलं. आत एक घडी घातलेला झेरॉक्सचा तुकडा होता. जुन्या छापाच्या पोथीतल्या दोन ओळी: ज्यास अरुंधतीचा तारा दिसत नाही त्याचे आयुष्य सहा मास उरले, असे जाणावे. कागदाच्या घड्या विरत आल्या होत्या. सहा महिने हा तुकडा रोज उघडला आणि मिटला जात असणार.

म्हणजे ही भीती बाबांना आपोआप सुचली नव्हती. कोणीतरी ती छापील कागदावर त्यांच्या हातात ठेवली होती.

तुकड्याच्या उजव्या कडेला एक काळी उभी रेघ होती. ती रेघ रागिणीच्या ओळखीची होती. विपुलच्या स्टेशनरीच्या दुकानातलं झेरॉक्स मशीन गेली दोन वर्षं प्रत्येक कागदावर तीच रेघ मारत होतं.

“दादा, हे काय हाय?”

विपुलने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. “मले काय मालूम?”

“तुह्याच मशीनचा हाय. बाबाचं लगन मोडाचं म्हनून तू काय काय बोलला होता, मले पाठ हाय.”

“काहून ओरडून राहिली? शंभर लोकं येतात झेरॉक्सले! मी काय हरएकाचा कागद वाचत बसतो?” विपुलचा आवाज चढला आणि एकदम फाटला. “बोललो मी. नाई कुठं म्हनतो? तोंडावर बोललो. पन माह्या बापाले मी मराले धाडीन काय, रागे?”

गीतांजली स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी होती. दुकानात झेरॉक्सच्या काउंटरवर बहुतेक वेळा तीच बसायची. रागिणीने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

चष्म्याच्या घरावर सोनेरी अक्षरं होती: गयासुद्दीन चष्मेवाले, अमरावती. बाबांचा जुना दोस्त. गाडीचा हॉल्ट असला की बाबा त्यांच्या दुकानात चहा प्यायचे. तिकडे गेले असतील का? बुडत्याला काडीचा आधार म्हणून रागिणीने फोन लावला.

“नाई बेटा, इकडे नाई आले,” गयासुद्दीन म्हणाले. मग सगळी हकीकत त्यांनी मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतली. “चश्मा कोनता राहिला म्हनते? काया काड्याचा? तोच एक हाय त्याहीच्यापाशी?”

“हो चाचा. चष्म्याशिवाय ते कसे...”

“त्याले कोनी आरुंधती दाखोली आन् त्याले दिसली नाई, असंच ना?”

“हो.”

पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

“मंग मी येऊन राहिलो,” गयासुद्दीन म्हणाले. “बारा वाजेपर्यंत पोचतो. तवरक कोनालेच काई नोको इचारू. आन् त्या संध्याकायी जे जे आंगनात होते, त्याहिले बलावून ठेव.”

३

बारा वाजता डोक्याला ओला गमछा बांधलेले, पांढऱ्या दाढीचे गयासुद्दीन रिक्षातून उतरले. पाणीसुद्धा न पिता त्यांनी आधी चष्मा मागितला, उजेडात धरला, लांब-जवळ केला आणि मान हलवली.

“हा वाचाचा चश्मा हाय. दोन सालाआधी तुह्या बापाचा मोतीबिंदू काढला, लेन्स बसोली. तवापासून त्याले दूरचं चष्म्याशिवाय दिसते. दसऱ्याले मी सोता तपासले त्याचे डोये. तक्त्याची शेवटची ओळ घडघडा वाचली त्यानं. इकत्तर सालाचा मानूस! मी म्हनलं, डायवर साहेब, तुमी माह्या धंद्याले वाईट.”

रागिणीला हसू आलं नाही. बापाचे डोळे लेकीला आले नव्हते. हल्ली बसची पाटीसुद्धा गाडी पुढ्यात आल्याशिवाय तिला लागत नसे. “मग त्यांना अरुंधती का दिसली नाही?”

“तेच तं. आमच्यात तिले सुहा म्हनतात,” गयासुद्दीन ओट्यावर टेकले. “माह्या आज्याच्या काळी दुकानात तक्ता नव्हता. गिऱ्हाइकाले गच्चीवर नेत आन् इचारत, त्या मोठ्या ताऱ्याच्या बाजूची सुहा दिसते काय? दिसली तं घरी जा, नाई दिसली तं चश्मा घ्या. बस. आयुष्य-बियुष्य काई नाई, निरा नंबर.”

एकाच चांदणीवरून कोणी मरणाची तारीख काढली होती, तर कोणी चष्म्याचा नंबर. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच रागिणीला श्वास जरा मोकळा वाटला.

“पन आज्याची एक गंमत होती,” ते पुढे म्हणाले आणि मध्येच थांबले. शेजारचे ओमप्रकाश दुबे फाटकातून आत येत होते. “राहू दे. आधी मंडळी काय म्हनते, ते आयकू.”

४

ओमप्रकाशकाका पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, एकटे. घरात ना कोणी वाढणारं ना कोणी खाणारं, असं स्वतःच म्हणायचे. पंचांग सांगायचे, गल्लीतल्या पूजा सांगायचे, आणि रोज संध्याकाळी खुशालरावांबरोबर याच ओट्यावर बसायचे. कालपासून त्यांनी या घराचे दहा हेलपाटे घातले होते. डोळे सुजले होते. रागिणीला त्यांची दया आली.

गयासुद्दीन तुळशीवृंदावनापाशी उभे राहिले आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारू लागले.

“इपुलभाऊ, त्या दिवशी तुमाले आरुंधती दिसली होती?”

“दिसली ना. सगळ्याहिलेच दिसली.”

“कुठं?”

“तेथी, चिचेच्या शेंड्यावर.”

“तुमाले, सूनबाई?”

“हाव. लख्ख.” गीतांजलीने लगेच पुढे जोडलं, “माह्या लग्नातबी मलेच पयले दिसली होती.”

“कितीचा मुहूर्त होता लग्नाचा?”

“बारा पस्तीसचा. दुपारचा...” बोलता बोलता तिची जीभ अडखळली.

“दुपारी चांदनी लख्ख दिसली,” गयासुद्दीन शांतपणे म्हणाले. “माशाअल्ला. आन् तुले, रागिणी बेटा?”

तिला आठवलं. त्या संध्याकाळी ती बाबांच्या शेजारीच उभी होती. बाबांनी तिचा दंड धरून हळूच विचारलं होतं, ‘पोरी, तुले खरंच दिसते?’ आणि ती म्हणाली होती, ‘हो बाबा, ती काय!’ तिला तिथे काहीही दिसलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात गुरुजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवलं, तेव्हाही ती ‘दिसली’च म्हणाली होती. सगळेच म्हणतात. म्हणायचंच असतं.

“मी... दिसली म्हनलं होतं,” ती कशीबशी बोलली.

गयासुद्दीन तिच्याकडे क्षणभर पाहत राहिले, मग ओमप्रकाशकाकांकडे वळले. “पंडितजी, तुमाले?”

“मी पोथीत पाहून राहिलो होतो,” काका म्हणाले. “वर पाह्यलंच नाई.”

“मंग दाखोली कोनं?”

“कोनं तरी म्हनलं चिचेकडे पाहा. गर्दी होती.”

“तूच गोष्ट सांगतली ना काका,” विपुल म्हणाला. “त्या स्वाहाची.”

“हाव, गोष्ट मी सांगतली.” काकांचा आवाज जरा सावरला. “अग्नीसाठी स्वाहानं सहा ऋषींच्या बायकांची सोंगं घेतली. सातवी आरुंधती. तिचं सोंग काई तिले घेता आलं नाई. आरुंधतीच्या नावानं खोटं चालत नाई, अशी ते गोष्ट. आन् मंग ते पाहाची रीत सांगतली. तारा बारीक, एकदम नजरेत येत नाई. म्हनून आधी बाजूचा मोठा तारा दाखवाचा, म्हनाचं हेच आरुंधती. नजर तेथी ठरली की म्हनाचं, हे नाई, हिच्या बाजूची.”

“वा,” गयासुद्दीन म्हणाले. “लय कामाची रीत हाय.”

त्यांनी झेरॉक्सचा तुकडा मागून घेतला आणि खिशातलं भिंग त्याच्या खालच्या कडेवर धरलं. मग भिंग रागिणीच्या हातात दिलं. खालची कड कात्रीने कापलेली होती. त्या कडेला शाईचे चार-पाच बारीक बाक उरले होते. दोन ओळींखाली तिसरी ओळ होती. ती कापून टाकली होती, पण तिच्या वेलांट्यांची टोकं कागदावर राहून गेली होती.

आणि त्याच वेळी वच्छलाबाईंचा फोन आला.

“तुमच्याकडून काई समजलं का हो?” त्यांनी विचारलं. “मला कार्तिकातच म्हणाले होते, वैशाखापर्यंत थांबू. जगलो-वाचलो तर मोझरीले साधं लग्न करू, नाही तर तुला पुन्हा विधवा करायची नाही मला. मी हसण्यावारी नेलं. मी नर्स बाई, मला कळायला पाहिजे होतं.”

रागिणीने फोन ठेवला. घड्याळात दोन वाजले होते. मरायला निघालेल्या माणसाच्या हिशेबात आता उरलीच होती एक रात्र.

५

“आता मोठा तारा पाहू,” गयासुद्दीन म्हणाले. “कागद इपुलभाऊच्या मशीनचा. लग्नाले त्याहीचाच इरोध. बोंबलत होते तेबी तेच. हे झाला मोठा तारा. कोनाचीबी नजर आधी तेथीच जाईन, रागिणी बेटाची गेली तशी.”

विपुलने मान वर करून रागिणीकडे पाहिलं.

“पन माह्या आज्याची ती गंमत राह्यली सांगाची. आज्याच्या दुकानात दिवाळीच्या सुमाराले पाटी लागे, ‘सुहा छुट्टी पर है’. हिवाळ्यात तो गच्चीवर तपासतच नव्हता कोनाले. काहून का संध्याकाळी सुहा दिसते होळीपासून पोळ्यापर्यंत. कार्तिकात दिवेलागनीले सप्तर्षी जमिनीखाली गेलेले राहतात, आर्धी रात उलटल्यावरच निंगतात.” त्यांनी चिंचेकडे बोट केलं. “त्या संध्याकायी त्या शेंड्यावर आरुंधती नव्हतीच. वसिष्ठ नव्हता, सप्तर्षी नव्हते. डोये साफ होते, आभायच रिकामं होतं.”

गीतांजलीने तोंडावर हात घेतला.

“सगळ्याहिले दिसली, काहून का लग्नात दिसलीच म्हनाचं राहते. तुमी काई बदमाश नाई, ते तुमची सवय. एकटा डायवर साहेब खरं बोलला. बत्तीस साल गाडी हाकलली त्यानं, नसलेला मानूस रस्त्यावर हाय म्हनाची त्याले सवय नाई. आता मले सांगा, ज्याले वाटते की चांदनी तेथी हाय, तो इतक्या साफ डोयाच्या मानसाले ते दाखवून घाबरवाचा बेत करीन काय? त्याले वाटन, याले तं दिसूनच जाईन! हा बेत त्यालेच सुचन, ज्याले पक्कं मालूम होतं की तेथी काईच नाई. आन् दिसली कोनाले, हे मी इचारलं तं ‘दिसली’ न म्हननारे दोघंच निंगाले. एक खुशालराव. दुसरा...”

ते थांबले. बोलायची गरजच उरली नव्हती. रागिणी ओमप्रकाशकाकांकडे पाहत होती. पंचांग वाचणारा गल्लीतला एकुलता एक माणूस. चिंचेकडे ‘कोनं तरी’ बोट केलं म्हणाले, पण स्वतः दिसली की नाही, यावर खोटं बोलले नाहीत. अरुंधतीच्या नावाने खोटं चालत नाही.

“दिवाळीत काकाच आले होते झेरॉक्सले,” गीतांजली एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “पोथी घेऊन. मले वाटलं, मी सांगतलं तं तुमी म्हनसान नवऱ्याले वाचवाले लोकावर ढकलून राहिली.”

ओमप्रकाशकाका तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसले.

“पस्तीस साल झाले,” ते कोणाकडेच न पाहता म्हणाले. “रोज संध्याकाळी सहा ते आठ आमी दोघं या ओट्यावर. बायको गेली तवा त्यानंच मले जेवू घातलं. तो लगन करून अमरावतीले राहाले जाऊन राहिला होता. मले आनंदानं सांगे! मी म्हनलं, जरासा भेव दाखवू, लगन पुढं ढकलन, मंग तिचंबी मन फिरन. मले का मालूम तो खरंच मराची तारीख धरून बसन? गेल्या महिन्यात सांगाले गेलो होतो मी. जीभच उचलली नाई.”

विपुल त्यांच्या अंगावर धावला. रागिणीने त्याला मागे ओढलं. तिलाही काकांचा गळा धरावासा वाटत होता, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ज्याच्या शब्दावर बाबा मरायला निघाले, त्याचा निरोप न घेता ते जाणं शक्य नव्हतं.

ती काकांसमोर उकिडवी बसली. “काका, तुम्हाले मालूम हाय ते कुठं हायेत.”

काकांनी मान खाली घातली.

“त्यानं शपथ घातली व माय.”

“अरुंधतीची घातली का?”

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. “मोझरीले,” तो म्हणाला. “गुरुकुंज आश्रमात. काल पहाटे मीच बसमधी बसवून देल्लं. खाल्लं नाई काई. म्हने, आता कायले अन्न नासवू.”

६

विपुलने गाडी काढली. मोझरी म्हणजे अमरावतीच्याही पुढे, नागपूर रस्त्यावर. जायला चार तास तरी हवे. बाहेर रस्ता वितळत होता, आणि दोन दिवसांचा उपाशी म्हातारा एवढ्या उन्हात कुठे पडला असेल, या विचाराने रागिणीचा जीव टांगणीला लागला. मग तिला सुचलं ते तिने कालच करायला हवं होतं. तिने वच्छलाबाईंना फोन केला.

“तुम्ही आमच्या आधी पोचाल,” ती म्हणाली. “ते मोझरीत आहेत. तुम्ही जा. तुम्हीच जा.” आणि जरा थांबून, “मावशी, त्यांना सोडू नका.”

मागच्या सीटवर ओमप्रकाशकाका पोथी मांडीवर घेऊन अंग चोरून बसले होते. जिच्या नुसत्या वेलांट्या कागदावर राहिल्या होत्या, ती तिसरी ओळ तीत होती. रागिणीने ती मोठ्याने वाचायला लावली. जुन्या शास्त्रकारांनीच खुलासा केला होता: येथे अरुंधती म्हणजे आपल्या जिभेचे टोक. मरणाच्या दारातल्या माणसाला ते दिसेनासं होतं, इतकाच त्याचा अर्थ. काकांनी तेवढंच कापलं होतं.

सात वाजून गेल्यावर ते मोझरीत पोचले. सामुदायिक प्रार्थना नुकतीच आटोपली होती. धर्मशाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर खुशालराव पडलेले होते आणि वच्छलाबाई चमच्या-चमच्याने त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या. गाल बसले होते, ओठ फुटले होते, पण डोळे उघडे होते. रागिणी त्यांच्या छातीवर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली.

“काहून आले तुमी?” ते क्षीण आवाजात म्हणाले. “उद्याच तं हाय.”

“डायवर साहेब,” गयासुद्दीन त्यांच्या उशाशी बसले, “जीभ काढा बाहेर.”

“काय?”

“काढा तं. टोक दिसते काय?”

खुशालरावांनी जीभ काढली. डोळे नाकाशी वळवले. “दिथते,” ते जीभ आत न घेताच म्हणाले, आणि वच्छलाबाईंना रडता रडता हसू फुटलं.

मग त्यांना सगळं सांगितलं. ओमप्रकाशकाका लांब पायरीपाशी उभे होते. पुढे यायची त्यांची छाती होत नव्हती. खुशालरावांनी कोपरावर जोर देऊन मान तिकडे वळवली. “ओम्या,” ते म्हणाले, “तुले एकटं वाटते, हे एवढं सांगाले तुले सहा महिने लागले काय रे? मी तुले अमरावतीले संगं नसतं नेलं?” काका तिथेच पायरीवर बसले. “बस तू तेथीच. तुह्याशी मंग बोलतो. आज नाई.”

आठ वाजता विपुलने आणि गयासुद्दीन यांनी मिळून त्यांना अंगणात आणलं. एकादशीचा चंद्र होता, म्हणून इमारतीच्या सावलीत, उत्तरेकडे तोंड करून खुर्ची ठेवली. सप्तर्षी पुरते वर आले होते.

“शेपटीतला मधला तारा पाहा. ठळक हाय, तो. हेच आरुंधती.” गयासुद्दीन थांबले. “ठरली नजर? आता म्हनतो, ते नाई. त्याच्या बाजूले.”

खुशालराव मान वर करून पाहत होते. पाहत राहिले.

“ते बारकी?” ते म्हणाले. “त्याच्या खांद्याशी टेकलेली?”

“हाव.”

“दिसते.” त्यांचा आवाज भरून आला. “अवो वच्छलाबाई, दिसते मले!”

विपुलने वर पाहिलं. त्यालाही दिसली, त्याने बोट करून दाखवलीसुद्धा. वच्छलाबाईंना दिसली. मग खुशालरावांनी रागिणीचा दंड धरला, अगदी तसाच, तुळशीच्या लग्नातल्यासारखा.

“पोरी, तुले दिसते?”

रागिणीने डोळे बारीक केले. मोठा ताराच तिला पुसट, पिंजल्यासारखा दिसत होता. त्याच्या शेजारी काहीच नव्हतं. ‘हो बाबा, ती काय’ हे शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभे होते, लग्नापासूनची सवय होती ती. सगळे तिच्याकडे पाहत होते.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “मले नाई दिसत. त्या दिवशीबी दिसली नव्हती.”

बापाने तिच्याकडे नजर वळवली, आणि दंडावरचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उद्याच्या द्वादशीची भीती त्या हातात आता उरली नव्हती.

“परवा दुकानात ये, बेटा,” गयासुद्दीन खिशात भिंग ठेवत म्हणाले. “तुहा नंबर वाढला.”